मामांचा सराव

माझ्या सासऱ्यांना ज्यानं त्यानं सायकलच दिली. लग्नात सासूबाईंच्या माहेरून मिळाली ती पहिली. रिटायर झाले त्या दिवशी खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून नवी कोरी दिली, हँडलला फुगे बांधून. आणि सासूबाईंना जाऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, म्हणजे यंदा, लेकीनं हॉलंडहून फोन केला, "बाबा, मे महिन्यात तुम्हाला इकडं आणते. आपण दोघं आठवडाभर सायकलवरून फिरायचं." फोन मी धरला होता, म्हणून मामांचा चेहरा मला समोरून दिसला. निरोपसमारंभाच्या फोटोत आहे तोच. ओठ हसतायत आणि डोळे घरी कधी सोडतायत याची वाट बघतायत.

"बरं," मामा म्हणाले. "येतो की."

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. त्यांचं नाव भिवाजी. गाव आमचं कुंभिवली, अगदी हायवेला खेटून. एकेकाळी सगळं भाताचं गाव, आता भात उरलाय तो घरच्यापुरता आणि रस्त्याकडेला टायरवाले, ढाबे, गोदामं. मामांनी शेत सांभाळून मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत नोकरी केली, तीन पाळ्यांत, जन्मभर. कंपनीची बस होती, पण ती कायम कामगारांना. मामा कायम झाले तोवर बसचा आमच्या बाजूचा फेरा बंद झाला होता. त्यामुळं सायकल. जाताना तासाभराच्या वर, येताना तेवढंच, आणि बदली माणूस आला नाही की डबल ड्युटी करून पुन्हा तीच सायकल. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं राहिली होती. घरी आले की सायकल भिंतीला टेकवायचे आणि पायरीवर बसून राहायचे. मी पाणी द्यायची, तर पेला बराच वेळ नुसता हातात. प्यायचंसुद्धा जिवावर यायचं.

खात्यातल्या लोकांनी दिलेली नवी सायकल त्यांनी महिन्याच्या आत पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली. जुनी मात्र पुसून, तेल घालून, रिकाम्या गोठ्यात आढ्याला दोरीनं उलटी टांगली. माझी नणंद श्रद्धा मागच्या खेपेला आली तेव्हा त्या सायकलीखाली उभी राहून डोळे पुसत होती. "बघ वहिनी, बाबांनी किती जपलीय." मी मान हलवली. खरं कारण मामांनी मला कधीच सांगून टाकलं होतं. खाली असली की कुणी ना कुणी म्हणतं, भिवाजी, जरा खालापूरला जाऊन येतोस का. वर टांगली की कुणी म्हणत नाही.

तर अशा माणसाला सायकलच्या सुट्टीवर न्यायचं होतं, आणि त्याची तयारी मी करायची होती.

माझा नवरा राजेश ट्रान्सपोर्टमध्ये आहे. तो घरी असला तरी फोनवर असतो. त्यामुळं पासपोर्टला मामांना मी घेऊन गेले, व्हिसाला मी घेऊन गेले, डॉक्टरकडं छातीचा आलेख काढायला मीच. मी हायवेवरच्या एका गोदामाच्या ऑफिसात बसते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या नोंदवते. सुट्टी मागायला गेले की साहेब विचारायचे, "सासऱ्यांना कुठं पाठवताय?" मी म्हणायची, "हॉलंडला, सायकल चालवायला." त्यावर साहेब पुढं काही विचारायचे नाहीत, सही करून टाकायचे. घरी येऊन मी आधी स्वयंपाक करायची, मग मामांचे गरम कपडे कुठं मिळतील ते फोनवर शोधायची. हौस लेकीची होती, पाय माझे दुखत होते.

मग पार्सलं यायला लागली. हेल्मेट आलं. बोटं उघडी असलेले हातमोजे आले. एका पार्सलात काळी घट्ट अर्धी पँट होती, बसायच्या जागी जाड गादी शिवलेली. मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, गादी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"ही शीटला घालायची का मला?"

"तुम्हाला, मामा."

"आन् येवडी वर्सं कोन बोल्लं नाय ते," असं म्हणून त्यांनी तिची घडी केली आणि कपाटात अगदी खाली सारून ठेवली.

श्रद्धाचं पुढचं फर्मान होतं सरावाचं. तिकडं रस्ते सपाट आहेत, चढ नाही, पण रोज बरंच अंतर जायचं, तर अंगाला सवय हवी. राजेशनं एका रविवारी गोठ्यातली सायकल खाली काढली, खोपोलीहून नवे टायर आणून चढवले. सायकल खाली येत असताना मामा दोरी धरून उभे होते. दोरी सोडली तर वरच राहील, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं, कारण राजेशला दोनदा सांगावं लागलं, "बाबा, सोडा आता." श्रद्धानं तिकडूनच राजेशला सांगून मामांच्या फोनात नकाशाची सोय करून घेतली. मामा जातील तसा नकाशावर एक ठिपका सरकणार, मागं रेघ राहणार, आणि ती रेघ श्रद्धाला हॉलंडात दिसणार.

मामांनी कशालाच नाही म्हटलं नाही. उजाडताना हेल्मेट घालून निघायचे आणि मी कामावर जायच्या आत परत यायचे, शर्ट पाठीला चिकटलेला. मी चहा द्यायची. संध्याकाळी श्रद्धाचा फोन यायचा आणि ती खूश असायची. "आज तर बाबा पार पलीकडच्या वाडीपर्यंत गेले होते. आणि किती थांबत थांबत जातात गं. दर थोड्या अंतरावर ठिपका थांबतो. सगळ्यांशी बोलत असणार, ना?"

"असणार," मी म्हणायची. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मामा रस्त्यात कुणाशी बोलत नाहीत. घरातही फारसं बोलत नाहीत.

एका सकाळी डब्याच्या भाजीला कोथिंबीर नव्हती. मामा बाहेरच आहेत, येताना आणतील, म्हणून मी त्यांना फोन लावला. कंपनीतल्या मशिनींनी मामांचे कान थोडे गेलेत, म्हणून त्यांच्या फोनची घंटा राजेशनं सगळ्यात मोठी लावून दिलीय. ती घंटा माझ्या दारात वाजली. दारात मामा नव्हते. पाववाला किरण होता, एका हातात माझे पाव आणि दुसऱ्या हातानं सायकलवरची पावाची पिशवी दाबून धरलेली. पिशवी वाजत होती.

"किरणभाऊ, काय वाजतंय?"

"नाय वहिनी, काय नाय."

मी फोन बंद केला, पिशवी गप्प झाली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. किरण चाळिशीचा माणूस, घरात दोन मुली. खोपोलीहून अंधारात निघतो आणि आमच्या पट्ट्यातल्या गावांना दारोदार पाव पोचवतो. पण त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

"काकांनी सांगितलं, नुस्ता बरोबर फिरव म्हून," तो म्हणाला. "मी काय हात बी लावला नाय त्याला. पावात ठेवतो, धक्का नको लागाया."

"काका कुठंयत?"

"काट्यावर."

काटा म्हणजे हायवेवरचा बंद पडलेला वजनकाटा. पूर्वी तिथं ट्रक वजन करायला थांबायचे, आता नुसती केबिन उरलीय आणि तिच्यामागं एक नळ. मी गॅस बंद केला, किरणला जे बोलायचं ते भरपूर बोलून घेतलं, मामांचा फोन त्याच्याकडून काढून घेतला आणि तशीच निघाले. वाटेत मनात सगळी वाक्यं तयार होती. आम्ही इथं राबतोय, लेक तिकडं पैसे घालतेय, आणि तुम्ही आम्हाला येडं करताय.

मामा केबिनच्या सावलीत, सिमेंटच्या ओट्यावर झोपले होते. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा नीट लावलेला. एक हात सायकलच्या दांडीवर तसाच. बाजूनं कंटेनर गरजत जात होते आणि मामांची पापणी हलत नव्हती. मी तयार करून आणलेल्या वाक्यांतलं एकही मला बोलता आलं नाही. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही, पण त्या दिवशी मला कामावर उशीर झाला.

जागे झाले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या त्यांच्या फोनकडं.

"आलीस व्हय, अक्षदा," ते म्हणाले.

"शर्ट कसा ओला होतो रोज?"

मामांनी मागच्या नळाकडं बोट केलं. मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. मामाही जरासे हसले.

"मामा, नको असेल तर तिला सांगा ना. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. ती काही रागावणार नाही."

"नको."

"पण तुम्हाला सायकल आवडत नाही तर..."

"आवड कसली गं तिच्यात," मामा म्हणाले. "कटाळा आला. शीटवर बसलो का वाटतं, परत रातपाळी लागली. पाय आपसूक मोहोपाड्याच्या बाजूला वळतात. नाकात तो कंपनीचा वास येतो, आजून येतो. मला कुटं जायाचं नाय गं आता. मला बसून र्‍हायचंय."

"मग हेच सांगू तिला."

मामांनी हेल्मेटचा पट्टा सोडला. बराच वेळ ते हेल्मेट मांडीवर घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"श्रद्धा न्हानी व्हती तवा मी घरी कदी व्हतो?" ते म्हणाले. "रातपाळी आसली का दिवसा झोपलेला. तिची आय पोरांना दटवायची, गप र्‍हावा, बा झोपलाय. दिवसपाळीला मी निघायचो तवा पोरं झोपलेली. पाचवीला ती खालापूरच्या शाळंत गेली. मदी ह्यो हायवे, ट्रकांची वर्दळ. मंग रातपाळीच्या आठवड्यात मी कामावरनं यायचो, भाकर खायचो आन् तिला सायकलवर शाळंत सोडायचो, मंग झोपायचो. दांडीला टावेल गुंडाळून पुढं बसायची. बडबड बडबड करायची. जागा बाप तिनं तेवडाच बघितला, अक्षदा. तेवडाच हाय तिच्याजवळ. त्यो बी सायकलला कटाळलेला व्हता, आसं तिला सांगू का मी?"

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर श्रद्धाचा रागही आला. तिला तिकडं बसून बापाची एक गोड आठवण पुन्हा चालवून बघायची होती, आणि ती चालवायला पाय लागणार होते या माणसाचे. मी मामांना सांगितलं, नाही बोलणार तिला. त्यांनी मान हलवली आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत घरी आले.

मला वाटलं होतं, चोरी पकडली गेली म्हणजे निदान मामा मोकळे झाले. झालं उलटंच. किरण माझ्या बोलण्यानं इतका धसकला होता की तो पुन्हा फोन घ्यायला तयार होईना. आणि मामा दुसऱ्या दिवसापासून खरंच सायकल चालवायला लागले. काट्यापर्यंत, मग त्याच्या थोडं पुढं, आणि परत. आता शर्ट घामानंच ओला असायचा. घरी आले की सायकल भिंतीला टेकवायची, पायरीवर बसायचं, आणि मी दिलेला पाण्याचा पेला हातात धरून नुसतं बघत राहायचं. ती जुनी वर्षं मी पुन्हा घरात आणली होती. एकदा न राहवून म्हटलं, "मामा, मी बोलते किरणशी. घेऊन जाऊ दे त्याला फोन."

"नको," मामा म्हणाले. "तुला कळलंय ना आता. लाज वाटते."

आठवडा उलटला असेल. मी ऑफिसात होते, बाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि श्रद्धाचा फोन आला. दुपारी ती कधी फोन करत नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "किरणचे पाव बंद केलेस का?"

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. "कशावरून?"

"रेघ आखडली ना. काट्याशी जाते आणि परत येते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. ठिपका आपल्या दाराशी थांबायचा, मग सोनाबाईच्या दाराशी, मग देवळामागं. बाबा घरातून निघून घराशीच कशाला थांबतील? ती पावाची वाट आहे. मी त्या गावात वाढलेय, वहिनी. म्हटलं, बाबा कुठंतरी निवांत बसले असतील, तर बसू देत."

ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासूनचा शीण होता, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, आणि ही तिकडं बसून सगळं बघत होती. "मग कशाला ओढतेस गं त्यांना?" मी म्हटलं. "थकलेत ते. विटलेत त्या सायकलीला. तुझ्यासाठी गप्प बसतात, तुझ्या आठवणीला धक्का लागू नये म्हणून. तुला कळत कसं नाही?"

शब्द निघून गेले आणि मग मला वजनकाट्यावर मामांना दिलेला शब्द आठवला.

"त्यांना सांग, सराव पुरे झाला," श्रद्धा म्हणाली. "आणखी काही सांगू नको. मी आले की बोलू."

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. मामांना मी निरोप दिला, त्यांनी सायकल पुसून गोठ्यात उभी केली. या खेपेला टांगली नाही. "परत आलो का कुनीतरी काडायला लावनारच," म्हणाले. ते बॅग भरत होते, हॉलंडात भाकरी मिळते का विचारत होते, आणि मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी इतकी वर्षं लेकीपाशी जपून ठेवलेली एकच गोष्ट मी ऑफिसच्या फोनवर दोन वाक्यांत मोडून टाकली होती.

श्रद्धा आली. चार दिवस घरात नुसती गडबड होती. तिनं शिदोरीला चटण्या करून घेतल्या, मामांचे केस कापून आणले, शेजारीपाजारी जाऊन आली. किरण पाव घेऊन आला तेव्हा त्याच्याशी हसून बोलली, तो मात्र मान खाली घालून गेला. त्या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी एकटी सापडावी म्हणून दोनदा स्वयंपाकघरात आली आणि दोन्ही वेळा मागोमाग कुणीतरी आलं. मामांची बॅग तिनं एकदा पुन्हा लावली. त्यात सगळ्यात वर एक जुना, धुवून धुवून झिरझिरीत झालेला टॉवेल होता.

"हा कशाला, बाबा?"

"आसूंदे. दांडीला लागंल," मामा म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं, की आता दांडीवर बसायला कुणी लहान नाही. ते उठून बाहेर गेले. श्रद्धानं टॉवेल बॅगेतून काढून आपल्या पर्समध्ये ठेवला.

विमान दुपारचं होतं. आम्ही सकाळीच निघालो. राजेश गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागं मामा आणि श्रद्धा. मामांनी हेल्मेट मांडीवर घेतलं होतं, ते बॅगेत मावत नव्हतं. खालापूरचा टोलनाका गेला आणि थोड्याच वेळात मामांचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटायला लागलं. श्रद्धानं पर्समधून टॉवेल काढला, त्याची घडी करून काच आणि डोकं यांच्यामध्ये सरकवली. मामा जागे झाले नाहीत. राजेश आरशात बघत म्हणाला, "बघा, झोपले पण. अहो बाबा, हे बघा काय..."

"दादा," श्रद्धा म्हणाली, "नको."

तिनं ते इतकं हळू म्हटलं की राजेशनं गाडीतली गाणीही बंद केली.

"वहिनी, तू त्या दिवशी बोललीस त्याचं वाईट वाटून घेऊ नको," ती मागून म्हणाली. मी वळून बसले. ती मामांकडं बघत बोलत होती. "मला पाचवीपासून माहीत आहे. मला शाळेत सोडायला निघाले की आई मागून यायची आणि माझ्या कानात सांगायची, बोलत र्‍हा बाशी. गप बसलीस तर त्याचा डोळा लागंल आन् दोघं गाडीखाली जाशीला. मग मी बोलायची. पाढे म्हणायची, कविता म्हणायची, खोट्या गोष्टी सांगायची. बाबा नुसतं हूं म्हणायचे. हूं थांबला की मी आणखी मोठ्यानं बोलायची. माझं ते कामच होतं, वहिनी, त्यांना झोपू न द्यायचं."

राजेशचा वेग कमी झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी त्यानं वाढवला नाही.

तिनं कुडत्याची बाही वर केली. कोपरावर टाक्यांची जुनी खूण होती, ती मी पूर्वीही पाहिली होती. "कुत्रं आडवं आलं म्हणून पडलो, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "कुत्रं नव्हतं कुठलं. मी त्या दिवशी रुसले होते. वाटेतल्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत एक शब्द बोलले नाही."

रसायनी-मोहोपाड्याच्या बाजूची कंपन्यांची धुराडी डाव्या हाताला दिसली आणि मागं गेली. मामांना पत्ता नव्हता.

"हे सगळं माहीत होतं," मी म्हटलं, "तर सराव कशाला करायला लावलास त्यांना?"

"नुसतं या म्हटलं असतं तर आले असते? आयतं बसायला बाबा कधी कुठं गेलेत? काहीतरी काम आहे म्हटलं की निघतात." तिनं फोन काढून मला एक फोटो दाखवला. तीन चाकांची एक सायकल होती, पुढं माणूस ऐसपैस बसेल अशी रुंद बैठक, मागं चालवणाऱ्याची जागा. "ही विकतच घेतलीय, त्या आठवड्यासाठी. चढ आला तर बॅटरीही आहे. चालवणार मी. बाबांना तिथं पोचल्यावर सांगणार, म्हणजे परत फिरता येणार नाही. सराव मीच करतेय, हिवाळ्यापासून. बाबांच्या वजनाएवढी पोती पुढं टाकून." तिनं तळहात उघडले. अंगठ्यांच्या मुळाशी घट्टे पडले होते. असे घट्टे मी या घरात एकाच माणसाच्या हाताला पाहिले होते.

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आणि आठवडाभर बोलणार काय गं त्यांच्याशी? मामा तर बोलत नाहीत."

श्रद्धानं मामांच्या मांडीवरचं घसरणारं हेल्मेट अलगद उचलून स्वतःकडं घेतलं.

"काही नाही," ती म्हणाली. "या खेपेला मी गप्प बसणार आहे."